अमेरिकेत हेवी-ड्यूटी पिकअप घेताय? डिझेल की पेट्रोल, हे ठरवायची रीत

पुण्या-नाशिकहून अमेरिकेत आलेल्या माणसाला गाडीबद्दल एक गणित पाठ असतं: रनिंग जास्त असेल तर डिझेल, कमी असेल तर पेट्रोल. हे गणित विमानतळावरच सोडून द्या. इथं डिझेल पंपावर सहसा साध्या पेट्रोलपेक्षा महाग मिळतं. केंद्राचा करसुद्धा पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट, म्हणजे उलटाच. वर डिझेल इंजिन निवडलं की गाडीची किंमत साधारण दहा हजार डॉलरनं वाढते. पैसे वाचवायला डिझेल घेणारा माणूस इथं बहुतेक वेळा तोट्यात जातो. डिझेल घ्यायचं ते जड ओझं ओढायला आणि डोंगर उतरायला.

माझं म्हणाल तर मी कोलोरॅडोत राहतो, उन्हाळ्यात ट्रॅव्हल ट्रेलर ओढतो आणि माझ्याकडे पेट्रोलची फोर्ड एफ-२५० आहे. शेजाऱ्यांकडे घोडे आहेत, ते ट्रेलरमधून घोडे नेतात, त्यांची गाडी डिझेलची. दोघांचीही निवड बरोबर आहे. तुमची कोणती, हे खालच्या क्रमानं गेलात तर कळेल. क्रम बदलू नका. लोक इंजिनापासून सुरुवात करतात आणि शेवटी ट्रेलरचं वजन बघतात, तिथंच घोळ होतो.

१. आधी हे बघा की एवढी मोठी गाडी हवी आहे का

हेवी-ड्यूटी म्हणजे फोर्डच्या एफ-२५० आणि एफ-३५०, रॅम २५०० आणि ३५००, शेवरोलेची सिल्व्हराडो आणि जीएमसीची सिएरा यांच्या २५०० आणि ३५०० एचडी. यातल्या लहान भावंडाला जुन्या सवयीनं ‘पाऊण टनी’ आणि मोठ्याला ‘एक टनी’ म्हणतात. प्रत्यक्षात दोघी त्याहून पुष्कळ जास्त वाहतात, त्यामुळे त्या नावावरून काहीही ठरवू नका.

महिन्यातून एकदा होम डेपोतून लाकूड आणायचं, वर्षातून दोनदा छोटी बोट तळ्यावर न्यायची, एवढंच असेल तर एफ-१५०च्या वर्गातली अर्धा टनी गाडी पेट्रोलमध्ये घ्या आणि हा लेख इथंच सोडा. ट्रेलर भरलेला असताना सात-आठ हजार पौंडांच्या आत राहणार असेल तर तिचं भागतं.

२. ट्रेलरचं खरं वजन कागदावर उतरवा

ट्रेलर विकणारा तुम्हाला रिकामं वजन सांगेल. त्या आकड्याला काही अर्थ नाही. ट्रेलरच्या पाटीवरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरून जास्तीत जास्त किती वजन चालतं तो आकडा, लिहून घ्या. पाण्याची टाकी, गॅसच्या टाक्या, भांडीकुंडी, खुर्च्या, सायकली, आणि आपल्याकडचा प्रेशर कुकर न् पंधरा दिवसांचा शिधा धरला की माणसं त्या आकड्याच्या जवळ सहज पोचतात.

मग बघा की ट्रेलर कुठे जोडला जातो.

मागच्या बंपरखालच्या हिचला, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीला, जोडला जाणारा असेल तर त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार गाडीवर येतो. फिफ्थ व्हील असेल, म्हणजे ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर टेकणारा, तर हा भार साधारण २० ते २५ टक्के धरा.

३. ड्रायव्हरच्या दारातलं पिवळं-पांढरं स्टिकर वाचा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. जाहिरातीत ‘२० हजार पौंड ओढते’ असं मोठ्या अक्षरांत असतं. पण बहुतेक गाड्यांची मर्यादा ओढण्यात संपत नाही, पाठीवर घेण्यात संपते. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त भरू नका, असं त्यावर छापलेलं असतं. तो आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो, मॉडेलचा नव्हे. सनरूफ, चामड्याच्या सीट, चार दारांची मोठी केबिन, फोर-व्हील ड्राइव्ह, सगळं त्यातून वजा झालेलं असतं.

आणि डिझेल इंजिनही वजा झालेलं असतं. डिझेलचं इंजिन, त्याची थंड ठेवायची यंत्रणा आणि धूर साफ करायची यंत्रणा मिळून पेट्रोलपेक्षा काहीशे पौंड जड भरते. पाऊण टनी वर्गातल्या अनेक गाड्यांची एकूण वजनमर्यादा १०,००० पौंडांच्या आसपास, म्हणजे साडेचार टन असते. मर्यादा तीच आणि इंजिन जड, म्हणून पाठीवर घ्यायला कमी उरतं. एकाच रंगाच्या, एकाच ट्रिमच्या, म्हणजे सारख्याच सोयी-सजावटीच्या, दोन गाड्या शेजारी उभ्या असतील तर पेट्रोलवालीचा आकडा मोठा निघतो. शोरूममध्ये दोन्हीची दारं उघडून स्वतः बघा, सेल्समनला विचारू नका.

एक हिशेब करून दाखवतो. भरलेला फिफ्थ व्हील १२,००० पौंडांचा. त्याचा २० टक्के भार २,४०० पौंड. हौद्यातला हिच साधारण २०० पौंड. आई-वडील, दोन मुलं आणि किरकोळ सामान ६०० पौंड. बेरीज ३,२००. सजवलेल्या डिझेल एफ-२५० किंवा रॅम २५००च्या दारातला आकडा अनेकदा याच्या बराच खाली असतो. इंजिन तो ट्रेलर हसत ओढेल, पण मागचा ॲक्सल, स्प्रिंगा आणि टायर मर्यादेबाहेर गेलेले असतील. अशा वेळी डिझेल हवंच असेल तर एक टनी गाडी घ्या, एफ-३५० किंवा ३५००. पाऊण टनी आणि एक टनी यांच्या किमतीत डिझेल-पेट्रोलइतका फरक नसतो, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही.

ट्रेलर घेतल्यावर ट्रक-स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर एकदा भरलेली जोडगाडी चढवून वजनाची पावती घ्याच. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर असे तीन वेगळे आकडे मिळतात. अंदाज आणि वाद तिथं मिटतात.

४. तुमचा रस्ता कुठून जातो

फ्लोरिडा, इलिनॉय, टेक्ससचा सपाट भाग, असं असेल तर ही पायरी दोन मिनिटांत संपते. दहा हजार पौंडांपर्यंत पेट्रोल पुरेसं आहे, पुढे जा.

डोंगरात राहणाऱ्यांनी मात्र थांबावं. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं, कारण हवा विरळ होते. बोरघाट चढून लोणावळ्याला पोचलो तरी आपण दोन हजार फुटांवरच असतो, तिथं हा प्रश्न जाणवत नाही. डेन्व्हरहून पश्चिमेला इंटरस्टेट ७० धरला की आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांवर लागतो. म्हणजे इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद हवेतच गेली. डिझेलला टर्बो असतो, तो हवा कोंबून भरतो, त्यामुळे त्याला हा फटका फारच कमी बसतो.

ट्रेलर घेऊन तो चढ चढताना माझी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ४,५०० आरपीएमला ओरडत उजव्या लेननं जाते. नवख्याला वाटतं इंजिन फुटणार. फुटत नाही. ही इंजिनं त्याच आरपीएमला काम करायला बनवली आहेत. पण शेजारून डिझेलवाला १,८००-२,००० आरपीएमवर गप्पा मारत निघून जातो, हेही खरं. महिन्यातून चारदा तो आवाज ऐकायचा असेल तर डिझेल घ्या. वर्षातून चारदा असेल तर रेडिओ मोठा करा.

चढापेक्षा उतार जास्त महत्त्वाचा. डिझेलच्या टर्बोमध्ये एक्झॉस्ट ब्रेक असतो. बटण दाबलं की इंजिनच गाडी आवरून धरतं आणि पायाखालचे ब्रेक थंड राहतात. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्क्यांचा उतार मैलोन् मैल चालतो आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळूच्या चढणी बांधून ठेवल्यात, त्या उगाच नाहीत. पेट्रोलमध्येही टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढतानाची सेटिंग, लावला की गिअर आपोआप खाली येतो आणि गाडी आवरते, पण जड ट्रेलरला डिझेलसारखी पकड मिळत नाही. १४-१५ हजार पौंडांचा ट्रेलर घेऊन रॉकी पर्वतात नेहमी जाणार असाल, तर फक्त या एका कारणासाठीही मी डिझेल सुचवेन.

पेट्रोल घ्यायचं ठरलं तर ॲक्सल रेशो विचारा, म्हणजे चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो तो आकडा. फोर्डमध्ये ३.७३ आणि ४.३० मिळतो, रॅममध्ये ३.७३ आणि ४.१०. ओढायचं असेल तर मोठा आकडा घ्या. रिकाम्या गाडीचं मायलेज थोडं घसरतं, पण पेट्रोल इंजिनाला तो लागतोच.

५. उरलेले दिवस गाडी काय करणार

मुलांना शाळेत सोडणं, पटेल ब्रदर्समधून किराणा आणणं, दोन मैलांवरचं ऑफिस. डिझेल खराब होतं ते इथं. २००७ पासूनच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारी गाळणी असते, डीपीएफ. ती भरली की गाडी स्वतःच जास्त उष्णता तयार करून काजळी जाळते. त्यासाठी इंजिन पुरतं तापलेलं लागतं आणि हमरस्त्यावर बराच वेळ सलग चालावं लागतं. रोज दोन मैल जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ते काम अर्धवट राहतं, गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर सूचना येते, आणि तरी दुर्लक्ष केलं तर वर्कशॉपचं बिल काही हजार डॉलरचं येऊ शकतं. एसीसाठी तासन् तास इंजिन चालू ठेवून बसण्याचाही हाच परिणाम.

दुसरं म्हणजे डीईएफ. हे ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध पाण्यातलं द्रावण. २०१०च्या प्रदूषण नियमांनंतर ते धुरात फवारलं जाऊ लागलं, नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला. शंभर गॅलन डिझेलला साधारण दोन-तीन गॅलन लागतं, ओझं असेल तर जास्त. संपत आलं की गाडी इशारे देते आणि तरीही भरलं नाही तर वेग कमी करून टाकते. त्याची टाकी वेगळी, टोपण निळं. ते डिझेलच्या टाकीत ओतलं तर इंधनाची सगळी यंत्रणा बाद होऊ शकते. चूक लक्षात आली तर चावी फिरवूसुद्धा नका, टो करून न्या. पाहुण्याला किंवा मुलाला भरायला पाठवताना हे आधी बजावा.

पंपाच्या रंगावरही जाऊ नका. डिझेलची नळी बहुतेक ठिकाणी हिरव्या मुठीची असते, पण तसा कुठला नियम नाही आणि काही पंपांवर पेट्रोलचीच मूठ हिरवी असते. पाटी वाचा. लाल रंगाचं डिझेल शेतीच्या यंत्रांसाठी करमुक्त मिळतं. ते रस्त्यावरच्या गाडीत सापडलं तर केंद्राचा दंड किमान १,००० डॉलर.

थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. उत्तरेकडचे पंप हिवाळ्यात वेगळं मिश्रण विकतात. फसगत होते ती ॲरिझोनात टाकी भरून जानेवारीत वायोमिंगला जाणाऱ्याची. डोंगराच्या पायथ्याशी पोचायच्या आत टाकी रिकामी करत आणा आणि तिथलं इंधन भरा. रात्री उणे वीस अंश होत असेल तर गाडीला ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन ऊबदार ठेवणारा विजेचा हीटर, हवा आणि अंगणात तो लावायला प्लग हवा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर हा प्लग मिळणार कुठून, हे आधी ठरवा.

डिझेलची एक सोय मात्र मनापासून हेवा वाटण्यासारखी आहे. लांबलचक ट्रेलर लावलेला असताना ट्रक-स्टॉपवरच्या मोठ्या ट्रकांच्या लेनमध्ये सरळ आत, सरळ बाहेर. डीईएफसुद्धा तिथं पंपातून मिळतं, डब्यांपेक्षा स्वस्त. आम्ही पेट्रोलवाले मोटारींच्या गर्दीत वळणं मोजत बसतो, आणि ओढताना मायलेज कमी म्हणून पंपावर जायची वेळही लवकर येते.

६. आता पैसे

एक गोष्ट शोरूममध्येच चकवते. ८,५०० पौंडांपेक्षा जास्त वजनमर्यादेच्या या गाड्यांच्या काचेवरच्या स्टिकरवर मायलेजचा सरकारी आकडा नसतो, कारण तो नियम त्यांना लागू नाही. त्यामुळे हिशेब आपणच मांडायचा. खालचे आकडे मी समजायला धरलेत, तुमच्या गावचे भाव घाला.

ट्रेलरशिवाय, वर्षाला १२,००० मैल. पेट्रोल गाडी १२ मैल देते, १,००० गॅलन लागले, ३.२० डॉलरनं ३,२०० डॉलर. डिझेल १६ मैल देते, ७५० गॅलन, ३.८० नं २,८५० डॉलर. वाचले ३५०. त्यातून डीईएफ, दोन डिझेल फिल्टर आणि ऑइलचा जादा खर्च काढा. फोर्डच्या ६.७ लिटर डिझेलला १३ क्वार्ट ऑइल लागतं, ७.३ लिटर पेट्रोलला ८. हातात फारसं काही उरत नाही.

ट्रेलर लावून, वर्षाला १५,००० मैल. पेट्रोल ८ मैल, ६,००० डॉलर. डिझेल ११ मैल, साधारण ५,२०० डॉलर. वाचले ८००. दहा हजार भरून निघायला बारा वर्षांहून जास्त.

डिझेलच्या बाजूनं दोन मुद्दे राहतात. विकताना त्या दहा हजारांतला बराच भाग परत येतो, आणि डिझेल इंजिनावर उत्पादकाची हमी सहसा ५ वर्षे किंवा १ लाख मैल अशी असते. हमी संपल्यावर मात्र इंजेक्टर, टर्बो, हाय-प्रेशर पंप यातलं काहीही गेलं की खिशाला मोठी चाट बसते. पेट्रोलची दुरुस्ती गावातला कुठलाही मेकॅनिक करतो.

७. आता इंजिनांची नावं

फोर्डकडे पेट्रोलमध्ये ६.८ आणि ७.३ लिटर व्ही-८. मोठं ४३० हॉर्सपॉवर आणि ४८५ पौंड-फूट टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, देतं. साधी, जुन्या वळणाची रचना, टर्बो नाही. डिझेल ६.७ लिटर पॉवर स्ट्रोक, ४७५ हॉर्सपॉवर आणि १,०५० पौंड-फूट. त्याची वरची आवृत्ती ५०० आणि १,२००. जीएमकडे पेट्रोल ६.६ लिटर, ४०१ आणि ४६४, डिझेल ६.६ लिटर ड्युरामॅक्स, २०२४ पासून ४७० आणि ९७५. टॉर्क दुप्पट का, हे इथं दिसतं.

रॅमकडे पेट्रोलचं ६.४ लिटर हेमी आणि डिझेलचं ६.७ लिटर कमिन्स. कमिन्स हे नाव आपल्याला नवं नाही, किर्लोस्करांच्या भागीदारीत १९६२ साली ही कंपनी पुण्यात आली आणि कोथरूडकरांच्या कित्येक घरांत तिच्या नोकरीचा पगार आला. त्या ओढीनं रॅम घेणारे पुणेकर मी पाहिलेत. इंजिन खरोखर दणकट आहे, सहा सिलिंडर एका ओळीत, १९८९ पासून याच पिकअपमध्ये. पण जुनी घेताना हे माहीत असू द्या: २०१३ ते २०१९च्या रॅम गाड्यांत प्रदूषणाच्या चाचणीला चकवणारी योजना होती, या आरोपावरून कमिन्सनं डिसेंबर २०२३ मध्ये १६७.५ कोटी डॉलर दंडाची तडजोड मान्य केली. त्यातल्या गाडीचं दुरुस्ती सॉफ्टवेअर भरलंय का, ते डीलरकडून तपासून घ्या. २०१९-२०च्या गाड्यांमधला हाय-प्रेशर पंप बदलण्यासाठीही कंपनीनं गाड्या परत बोलावल्या होत्या. त्या कामाची पावती मागा.

८. जुनी डिझेल घेताना सापळा

‘डिलीट केली आहे’ असं कुणी अभिमानानं सांगितलं तर मागे फिरा. म्हणजे डीपीएफ आणि डीईएफची यंत्रणा काढून टाकली आहे. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार ते बेकायदा आहे, कॅलिफोर्नियासारख्या राज्यात अशी गाडी स्मॉग तपासणीत अडकते, आणि अनेक डीलर हात लावत नाहीत. विकणारा सांगेलच असं नाही, म्हणून स्वतः खाली वाका. गाळणीच्या जागी सरळ पाइप दिसतो का, धुराड्याच्या तोंडात बोट फिरवल्यावर दाट काजळी लागते का, डीईएफच्या निळ्या टोपणाची जागा बंद केलेली आहे का, ते बघा. धड गाडीचा पाइप आतून जवळजवळ स्वच्छ असतो.

व्हिन, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकातलं आठवं अक्षर इंजिन कोणतं ते सांगतं. जाहिरातीतल्या इंजिनाशी जुळवून बघा.

९. परवाना, कागद आणि चाचणी

गाडी आणि ट्रेलरच्या मर्यादांची बेरीज २६,००० पौंडांच्या वर जात असेल तर स्वतःच्या वापरासाठीसुद्धा काही राज्यांत वेगळा परवाना लागतो. टेक्ससमध्ये अशा वेळी, ट्रेलर १०,००० पौंडांच्या वरचा असल्यास, बिगरव्यावसायिक क्लास ए काढावा लागतो. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांच्या वरच्या फिफ्थ व्हीलला तो लागतो. डिझेल एक टनी गाडी घेणारे नकळत या हद्दीत जातात.

बरोबर न्यायचं ते असं:

- त्या राज्याचा ड्रायव्हिंग परवाना आणि राहत्या पत्त्याचा पुरावा
- विम्याचा कागद. नव्या गाडीचा दर आधी विचारून ठेवा, डिझेलचा बहुधा जास्त निघतो
- सोशल सिक्युरिटी नंबर आणि शेवटच्या पगारपावत्या. व्हिसावर असाल तर त्याचे कागद
- क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या पतसंस्थेकडून) आधीच मंजूर करून घेतलेलं कर्जाचं पत्र. क्रेडिट हिस्टरी नवी असेल तर डीलरचा व्याजदर बघून घाम फुटतो
- जुनी गाडी असेल तर टायटल (मालकीचा कागद), अपघात-इतिहासाचा अहवाल आणि तुमच्या मेकॅनिकची तपासणी
- ट्रेलरच्या पाटीचा फोटो, टॉर्च आणि पायरी तीनमधली बेरीज लिहिलेला कागद

चाचणीला इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवलं असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणा. डिझेल सुरू होताना किती वेळ घेतं आणि पांढरा धूर किती वेळ टिकतो, ते थंड इंजिनावरच कळतं. हमरस्त्यावर वीसेक मिनिटं चालवा, टो-हॉल मोड आणि एक्झॉस्ट ब्रेक दोन्ही लावून बघा. परत आल्यावर बोनेट उघडून इंजिन चालू असतानाच खालून, वरून नीट बघा, आणि मग दारातल्या स्टिकरचा फोटो काढूनच सहीच्या टेबलावर बसा.